सुनंदा इंगळेचे भाले

सुनंदा इंगळे माणसाच्या आधी त्याचे दात बघायची. दिंडोशीच्या आमच्या इमारतीत ती राहायला आली त्या दिवशी शेजारधर्म म्हणून मी चहाचं विचारायला गेले आणि ओळखीचं हसले. तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "वरचा सुळा किडतोय, दाखवून घे. मी इंगळे. चहा चालेल."

तिचं कामच दातांचं होतं. वाकोल्याच्या एका लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. डॉक्टर माप पाठवणार आणि ही मेणात एकेक दात बसवून, घासून, पॉलिश करून पूर्ण जबडा तयार करणार. वाकोला तिचं माहेर. वडील बुलढाण्याकडून कामासाठी आले आणि तिथल्या वस्तीत राहिले. शाळा, विहार, पहिली नोकरी, सगळं तिचं त्या दोन-तीन गल्ल्यांत झालं. नवरा विलास दिंडोशीच्या कोर्टात लघुलेखक होता, म्हणून दोघं आमच्याकडे राहायला आली. मुलगा शिकून नागपूरला नोकरीला लागला होता.

सुनंदा बुटकी, रुंद खांद्यांची, आणि डाव्या पायाने किंचित लंगडणारी. तिच्या प्रत्येक कुर्त्याला दोन्ही बाजूंना खिसे असत. खिसे नसलेले कपडे तिला पटत नसत. "बायकांनी हातात काही धरायचंच नाही असं ठरवून शिवतात," असं ती म्हणायची. त्या खिशांतून दोरीचे तुकडे, गारगोटीच्या चिपा, घासून टोकदार केलेली हाडं, असं काहीही निघायचं. एकदा भाजीवाल्याला सुट्टे पैसे देताना तिने त्याच्या तळहातावर चुकून हाडाचा गळ ठेवला होता.

हे सगळं सुरू झालं ते तिच्या पायामुळे. ती हकीगत तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितली, तीही कपडे वाळत घालताना, चिमटे तोंडात धरून.

आमच्याकडे येण्याच्या काही वर्षं आधी विलासच्या ऑफिसची मंडळी शहापूरच्या पुढच्या डोंगरात एका दिवसासाठी फिरायला गेली होती. उतरताना ही दोघं मागे पडली आणि चुकीच्या वाटेला लागली. ती वाट एका डोहाशी संपली. तिथल्या शेवाळावरून सुनंदा घसरली आणि घोटा मोडला. फोनला रेंज नव्हती. मग विलास मदत आणायला गेला आणि तोही हरवला. डोंगराच्या भलत्याच बाजूला, भलत्याच पाड्यावर तो दुसऱ्या दिवशी पोचला. बायको नेमकी कुठे आहे हे त्याला तिथल्या लोकांना सांगता येईना. दोन रात्री सुनंदा त्या डोहाच्या काठावर एकटी होती. जवळ चिक्कीचं एक पाकीट होतं, ते पहिल्याच संध्याकाळी संपलं. तिसऱ्या दिवशी पाड्यावरच्या माणसांनी तिला शोधून काढलं.

"पाणी भरपूर होतं," ती म्हणाली. "सूज उतरावी म्हणून मी पाय डोहात सोडून बसले होते, तर मासे आले. बोटाएवढे, काही वीतभर. माझ्या टाचेची साल कुरतडायला लागले. मला भूक लागलेली. काठीने मारून बघितलं, ओढणी पसरून बघितली, हाताने बघितलं. एक नाही मिळाला. ते मला खात होते, मीना, आणि मला त्यांना खाता येत नव्हतं."

हे सांगताना तिच्या आवाजात रडणं नव्हतं, राग होता. भीती वाटली का, असं मी विचारलं. रात्री वाटली, ती म्हणाली, पण ती सकाळी गेली. माशांचं मात्र डोक्यातून गेलं नाही.

विलासचं उलटं झालं. तो त्यानंतर कधीच डोंगरात गेला नाही. झाडांवर खुणा करत जायला हवं होतं, हे एकच वाक्य तो कितीतरी वर्षं म्हणत राहिला.  सुनंदा त्यावर त्याच्या ताटात भाजी वाढायची.

पाय जुळल्यावर ती शिकायला लागली. फोनवरचे व्हिडिओ बघायची, पण त्यातली माणसं तिला आवडायची नाहीत. "हे दर दोन मिनिटांनी कॅमेऱ्याकडे बघून हसतात. भुकेला माणूस असं हसत नाही." तिचं खरं शिक्षण मोडतोडीतून झालं. वाकोल्याच्या वखारीतून ती हिरवे बांबू आणायची, रिक्षाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. बांबू हातात पेलेल एवढ्याच जाडीचा लागायचा. एका टोकाला तो उभा चिरून त्याचे चार भाग करायचे, पण चीर पहिल्या गाठीपर्यंतच न्यायची. गाठीच्या वर दोरी घट्ट आवळायची, नाहीतर चीर पुढे धावते आणि अख्खा बांबू उलतो. मग चिरेत दोन काटक्या आडव्या-उभ्या खोचायच्या, म्हणजे चार भाग फुलीसारखे फाकतात. त्यांना टोकं काढायची आणि निखाऱ्यावर हळूहळू फिरवत शेकायची. ज्वाळेत धरलं की बांबू जळतो. निखाऱ्यावर धरलं तर त्यातलं पाणी जातं आणि टोक कडक होतं. असा चार दात्यांचा भाला. एका टोकाच्या भाल्याखालून मासा निसटतो, चार दात्यांत तो अडकतो.

गच्चीवर तिने असे कितीतरी बनवले. सुरुवातीचे सगळे उलले. पण ज्या हातांनी वर्षानुवर्षं मेणात दात बसवले होते त्यांना घाई ठाऊक नव्हती. वर्षभरात तिचे भाले असे झाले की बघत राहावं. चारही टोकं एका मापाची, आतल्या बाजूला मासा सुटू नये म्हणून काढलेल्या बारीक खाचा, आणि बांधणी अशी की दोरीचं टोक कुठे गेलं ते सापडू नये. दोरीही तिचीच, घायपाताच्या पानांची. आरेत एका तबेल्याच्या मागे घायपाताचं कुंपण होतं. तबेलेवाले यादवजी तिच्या ओळखीचे, कारण त्यांच्या वडिलांची कवळी हिनेच केली होती. पानं कापायला त्यांची हरकत नव्हती. पानं ठेचून, धुवून, त्यातले पांढरे धागे काढून ती मांडीवर वळत बसायची. टीव्हीवर बातम्या चालू, विलास चहा पितोय आणि हिचं वळणं चालू, असं त्यांच्या घरातलं चित्र.

इमारतीत पहिली तक्रार झाली ती हाडांवरून. गळ बनवण्यासाठी ती मटणाची हाडं खाटकाकडून आणून तासन्‌तास उकळायची आणि तो वास जिन्यात भरायचा. आमचे सेक्रेटरी परबकाका. ते मालवणचे, गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं सिक्युरिटीत काढलेले, मिशीला अजून मेंदी लावणारे. ते चौकशीला वर आले तेव्हा मीही तिथेच होते. सुनंदाने त्यांना गळ दाखवला. आकडा नव्हता, सरळ काडीसारखा तुकडा, दोन्ही बाजूंनी टोकदार आणि मधे दोरी बांधायला खाच. मासा तो आमिषासकट गिळतो, दोरी ताणली की काडी आत आडवी होते, असं तिने समजावलं. परबकाकांनी तो उलटासुलटा करून बघितला.

"गो बाय," ते म्हणाले, "बाजारात पापलेट गावता. ह्यां सगळां कित्याक?"

"बाजार नसेल तेव्हा?"

"बाजार नाय अशी जागा माका दाखव. मी थंय जावचंच नाय."

पण त्यांना त्या गोष्टीचा नाद लागला. हाडांचा निकाल त्यांनीच लावला: उकळायचं काम गच्चीवर, तेही रविवारी सकाळी. आणि दर रविवारी ते स्वतः वर येऊन बसायला लागले.

गच्चीवर सुनंदाने एक निळं पिंप पाण्याने भरून ठेवलं होतं. तळाला स्टीलचा चमचा. तो चमचा म्हणजे मासा. पाण्यात वस्तू असते त्याहून वर दिसते, म्हणून दिसतो त्या जागी मारलं तर भाला वरून जातो. खाली मारायचं. आणि भाला लांबून फेकायचा नाही. टोकं आधीच हळूच पाण्यात बुडवून ठेवायची, माशाच्या जवळ न्यायची, आणि मग हातभर खुपसायचं. लागला की उचलायचा नाही, तळाशी दाबून ठेवायचा आणि दुसरा हात खाली घालायचा. हे ती इमारतीतल्या कोणालाही सांगायची. वाळवणं घालायला आलेल्या बायका, डिशवाला, पाण्याची टाकी धुणारे, सगळ्यांनी त्या चमच्यावर हात साफ केला. मीसुद्धा.

आणि इथे तिच्याबद्दलची खरी गोष्ट सांगायला हवी. सुनंदाला नेम नव्हता. अजिबात नव्हता. तिला सगळं कळत होतं, ती सगळ्यांना बरोबर सांगायची, आणि स्वतः मारायला गेली की चमचा एकीकडे आणि भाला दुसरीकडे. क्षणभर आधी तिचे डोळे मिटायचे. मी ते बघितलं होतं, आणि तिलाही ते माहीत होतं.

कर्जतच्या बाजूला विलासच्या एका मित्राचं शेत होतं, त्यात तळं. त्याने सांगितलं, हवे तेवढे मासे मारा. या बाबतीत ती फार काटेकोर होती. आरेत नाही, राष्ट्रीय उद्यानात नाही, मालकाला विचारल्याशिवाय कुठल्याच पाण्यात नाही. त्या तळ्यावर पहिल्यांदा आम्ही तिघं गेलो, ती, मी आणि परबकाका. परबकाका डब्यासाठी आले होते.

सकाळभर सुनंदा गुडघाभर पाण्यात उभी. तिथे मरळ होते. मरळ श्वास घ्यायला वर येतो, पाण्यावर एक गोल उमटतो आणि मग तो हळू खाली जातो, तेव्हा मारायचा. गोल उमटत होते. सुनंदा मारत होती. एकही लागला नाही. दुपारी ती काठावर येऊन बसली तेव्हा परबकाकांनी पँट दुमडली, भाला उचलला आणि "बघूया तरी" म्हणत पाण्यात उतरले. पहिल्याच फटक्याला त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा मरळ दाबला. नंतर आणखी एक.

ते काही फुशारकी मारत नव्हते. उलट भाल्याकडेच बघत होते. "काय सुंदर केलंस गो," ते म्हणाले. "हातात धरलो आणि आपणच गेलो."

परतताना सुनंदा एक शब्द बोलली नाही. नेरळ गेलं, बदलापूर गेलं. परबकाका बिचारे अवघडून बसले होते. घरी पोचल्यावर तिने मासे साफ केले, कालवण केलं आणि त्यांच्याकडे मोठ्या वाडग्यातून पाठवलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मी काल वाईट वागले ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला वाटलं होतं माझ्या हाताने मिळेल. ते होणार नाही बहुतेक. पण टोक माझं होतं." मग ती खाली जाऊन परबकाकांशी बोलून आली. काय बोलली ते मला माहीत नाही. पुढे तिने शिबिरं घ्यायला सुरुवात केली तेव्हा ते त्यांचे कायमचे सदस्य झाले.

शिबिरं अशीच सुरू झाली. आधी ओळखीचे चार जण, मग त्यांचे ओळखीचे. बँकेतले, शाळेतल्या शिक्षिका, आयटीतली मुलं. सराव आरेत, यादवजींच्या तबेल्यामागच्या मोकळ्या जागेवर, आणि शेवटी दोन दिवस कर्जतला. लोक हौसेने यायचे. कुणी विचारायचं, बिबट्या आला तर हा भाला चालेल का? सुनंदाचं उत्तर ठरलेलं: "बिबट्यासाठी भाला नाही. बिबट्यासाठी घरी बसायचं." कुणी तिचा व्हिडिओ काढायला लागलं तर ती हातातलं काम थांबवायची आणि तो बंद होईपर्यंत थांबून राहायची. शिकवताना मात्र ती अधीर होती. कुणाची बांधणी सैल पडली की ती त्याच्या हातातून बांबू काढून घ्यायची आणि स्वतः बांधून परत द्यायची. लोकांना बरं वाटायचं, पण शिकायचे कमी.

वाकोल्याच्या विहारात ती दर पौर्णिमेला जायची. तिथल्या एका वयस्कर बाईंनी एकदा तिला सगळ्यांसमोर विचारलं की हे जीव मारायला शिकवणं आपल्याला शोभतं का. मी तिच्यासोबत खिरीसाठी गेले होते. सुनंदाने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आक्का, तुम्ही बुधवारी बोंबील आणता. ते कुणीतरी मारलेलेच असतात. मला फक्त ते बघून खायचंय." बाई रागावल्या नाहीत, पण पटलंही नाही त्यांना. पुढच्या वेळी त्यांनी सुनंदाला खीर जरा कमी वाढली, असं तिचं म्हणणं.

आता जे सांगते ते परतीच्या पावसातलं आहे. कर्जतच्या शिबिरात त्या वेळी आम्ही पंधराएक जण होतो. तळं आणि गावचा रस्ता यांच्यामध्ये एक ओढा होता, जाताना आम्ही तो दगडांवरून ओलांडला होता. खाणं मुद्दाम थोडंच नेलेलं. दिवसभर सगळ्यांनी भाले बनवले. दुपारनंतर डोंगरावर काळं झालं. आमच्याकडे थेंबही नव्हता, पण ओढा बघता बघता गढूळ झाला आणि फुगला. दगड दिसेनासे झाले, आणि गढूळ पाणी तळ्यातही शिरलं.

शिबिरात अभिजित नावाचा एक तरुण मॅनेजर होता, अंधेरीच्या कुठल्यातरी कंपनीतला. हुशार, तब्येतीने दणकट, सगळ्यांना मदत करणारा. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग होती. पाणी कमरेएवढंच आहे, असं त्याचं म्हणणं. दोरी बांधून मी जातो, पलीकडून ती झाडाला बांधतो, मग सगळे येतील. दोन-तीन जणांना ते पटायला लागलं होतं. आमच्यात मधुमेहाच्या एक बाई होत्या, त्यांची काळजी सगळ्यांनाच होती.

सुनंदाने काठावर एक भाला रोवला होता, पाणी चढतंय का ते बघायला. ती तिथून आली आणि म्हणाली, कुणीही जायचं नाही. पाणी उतरेपर्यंत इथेच राहायचं.

"मग खाणार काय?" अभिजित म्हणाला. "या गढूळ पाण्यात तुमचे भाले चालणार आहेत का?"

"नाही चालणार. दिसत नाही तिथे भाला म्हणजे काठी."

"मग दिवसभर आपण काय केलं?"

"काठ्या केल्या," सुनंदा म्हणाली.

कुणीतरी हसलं. अभिजित हसला नाही. त्याने बूट काढून बाजूला ठेवले होते, पाय धुवायला. तो दोरी आणायला तंबूत गेला. परत आला तर सुनंदा त्याच्या बुटांवर बसली होती. शब्दशः. दोन्ही बूट तिच्या खाली.

तो आधी विनोदाने म्हणाला, मग रागाने. बूट द्या. ती म्हणाली, सकाळी देते. तुम्हाला अधिकार काय, त्याने विचारलं. ती म्हणाली, काही नाही, मी फक्त जड आहे. तो अनवाणी पाण्याकडे गेला. काठावर बाभळीचे काटे वाहून आलेले, खाली धारदार खडी. चार पावलं टाकून तो उभा राहिला. परबकाका त्याच्या मागून गेले आणि खांद्यावर हात ठेवून बराच वेळ त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिले. तो परत आला आणि लांब जाऊन बसला.

सुनंदाने बुटांवर बसूनच बाकीची कामं सांगितली. ओढ्याच्या कडेला जिथे पाणी संथ होतं तिथे दगडांची नरसाळ्यासारखी भिंत करायला लावली, तोंडाशी बांबूच्या कामट्यांची टोपली. संध्याकाळपर्यंत त्यात मूठ-दोन मूठ झिंगे आणि बोटभर मासे अडकले. पातेलंभर पाण्यात मीठ-हळद घालून मी त्याचं सार केलं. शिल्लक बिस्किटं आणि पोहे मधुमेहाच्या बाईंना. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा पेला सार आलं. पोट भरलं नाही, पण काहीतरी गरम पोटात गेल्यावर माणसं बोलायला लागतात. अभिजितला पेला नेऊन दिला तो सुनंदाने नाही, मी. ती उठायला तयार नव्हती.

सकाळी पाणी उतरलं. जिथून तो उतरणार होता तिथेच खाली, वळणावर, मुळासकट उखडलेलं एक मोठं झाड आडवं येऊन अडकलं होतं, आणि त्याच्या फांद्यांत तारेचं कुंपण गुंडाळलेलं. रात्रीतून वाहून आलेलं. अभिजित ते बघत उभा राहिला. मग सुनंदाजवळ येऊन म्हणाला, "काकू, बूट." ती उठली. एक बूट पार चपटा झाला होता. आम्ही गुडघाभर पाण्यातून एकमेकांचे हात धरून रस्त्यावर आलो. बसमध्ये तो तिच्या शेजारी बसला आणि डोंबिवलीच्या आसपास तिच्या खांद्यावर मान टाकून झोपला.

नंतर एकदा मी तिला म्हटलं की तुझ्यामुळे तो वाचला. तिला ते आवडलं नाही. "मला काय माहीत होतं झाड येणार आहे? तासाभरात पाणी उतरलं असतं तर मी मूर्ख ठरले असते. ठरले असते तर ठरले असते." आणि मग जरा थांबून, "रात्रभर माझे पाय कापत होते, मीना. विलास नव्हता म्हणून बरं."

पुढच्या वर्षी तिचे हात कापायला लागले.

मला ते उशिरा कळलं. चहाच्या कपाचा बशीवर आवाज यायचा, ती कप ठेवून द्यायची आणि निवल्यावर प्यायची. लॅबमध्ये तिने केलेली एक कवळी नीट बसली नाही. डॉक्टरांनी परत पाठवायच्या आधी तिनेच ती उचलून बाजूला ठेवली आणि त्यांना सांगितलं की मी आता हे काम करू शकत नाही. त्यांनी बसून काहीतरी करा म्हणून आग्रह केला. तिने नको म्हटलं. मोठ्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला तो त्यानंतर.

आम्ही आरेतून बसने येत होतो. ती खिडकीशी, हात दोन्ही खिशांत. बाहेर गुरं रस्ता ओलांडत होती म्हणून बस थांबली होती.

"हात थांबत नाहीत," ती म्हणाली.

"औषध चालू आहे ना?"

"आहे. औषधाने थांबतात थोडे. मग विसरतात."

 गुरं गेली, बस निघाली. ती म्हणाली, "कवळ्यांचं काही नाही. चाळीस माणसं आहेत मुंबईत कवळ्या करणारी. पण बांबू चिरताना चाकू पायावर येतो आता. काल विलासने चाकू लपवून ठेवला." मग ती हसली. "लपवायची जागा बघितलीस तर रडशील. तांदळाच्या डब्यात."

शिबिरं बंद होतील असं मला वाटलं होतं. झाली नाहीत. विलास निवृत्त झाला होता. तो तिच्यासोबत आरेत यायला लागला, म्हणजे तबेल्यापर्यंत. पुढे कर्जतला परबकाका न्यायचे लोकांना. विलासचं काम पानं ठेचण्याचं. तो ते कोर्टातल्यासारखं खाली मान घालून, एका लयीत करायचा.

मग मी मुलीकडे मुलुंडला राहायला गेले, आणि थोड्या महिन्यांनी ती दोघंही मुलाकडे नागपूरला गेली. फोन केला की विलास उचलतो, ती बाजूला बसून उत्तरं सांगते, तो मला ती सांगतो. परवा मी विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला, ती विचारतेय, सुळा काढला की ठेवला?

तिला मी शेवटचं बघितलं ते आरेत, मुलुंडला जाण्याच्या आदल्या रविवारी. निरोप घ्यायला म्हणून गेले होते. तबेल्यामागे सहा-सात जण गोल करून बसले होते. सुनंदा एका उलट्या घमेल्यावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तिच्या समोर एक नर्स होती, रात्रपाळी करून तशीच आलेली, डोळे लाल. तिच्या हातात चिरलेला बांबू. सुनंदा बोलत होती, नुसती बोलत होती. गाठीच्या वर घे. अजून वर. दोरी आधी ओली कर, सुकली की आवळते. डावा अंगठा ठेव तिथेच, काढू नकोस. त्या मुलीची दोरी दोनदा निसटली. पूर्वीची सुनंदा असती तर तिने बांबू काढून घेतला असता. तिचे खांदे पुढे झाले, पण हात मांडीखालून निघाले नाहीत. ती थांबली. मुलीने पुन्हा सुरू केलं.

बराच वेळ लागला. मी यादवजींच्या म्हशींजवळ उभी राहून बघत होते. शेवटी मुलीने गाठ मारली, दातांनी दोरी ओढली आणि भाला सुनंदासमोर धरला. सुनंदा वाकली. चारही टोकांकडे, बांधणीकडे, आतल्या काटक्यांकडे तिने सावकाश बघितलं.

"छान झालाय," ती म्हणाली. "आता सोड, आणि पुन्हा बांध."

मुलीने तिच्याकडे बघितलं, मग मान खाली घातली आणि नखाने गाठ सोडवायला लागली.